अपंग आईबाप आणि आपण शेजारी

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला बोलावणे धाडले, तेव्हा 'अपंग मुलांचे संगोपन' या विषयावर चार शब्द बोलावेत असे सुचवले होते. विषय चांगलाच आहे. परंतु मी त्यांच्याकडून शब्दांची थोडी अदलाबदल मागून घेतली. अपंग मुलांचे संगोपन नव्हे, तर अपंगांनी केलेले मुलांचे संगोपन, यावर बोलते म्हटले. चिटणीसबाई क्षणभर गप्प राहिल्या, आणि ते साहजिकच होते. अपंग म्हटले की तो कुणाचा तरी मुलगा, ती कुणाची तरी मुलगी, एवढेच चित्र आपल्यापुढे उभे राहते. तीच कुणाची आई असेल, तिच्या पदराला दोन पोरे असतील, त्यांच्या वेण्या, डबे, खोकले आणि गृहपाठ तिलाच पाहावे लागत असतील, हे आपल्या ध्यानात येत नाही. सरकारी कागदांच्याही ते फार उशिरा ध्यानात आले.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार पुस्तकी नाही. माझा उजवा पाय लहानपणी पोलिओने गेला. कुबडीवर मी दोन मुले वाढवली आणि प्राथमिक शाळेत शिक्षिकेची नोकरीही पुरी केली. हे मोठेपणासाठी सांगत नाही. पुढे जे सांगणार आहे ते ऐकीव नाही, एवढेच कळावे. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. तेव्हा माझ्या जातीच्या लंगड्या बायकांची ही शेवटचीच पिढी म्हणायची! पण त्यावरून अपंग आईबाप आता संपले असे समजू नका. यंत्रात हात सापडलेली मजूर बाई, फटफटीवरून पडून कंबर निकामी झालेला बाप, साखरेच्या आजाराने पाय कापावा लागलेला चाळिशीचा गृहस्थ, हळूहळू दृष्टी गेलेली सून, जन्मापासून ऐकू न येणारे नवराबायको. आपापल्या गल्लीत मनातल्या मनात एक फेरी मारून पाहा. एखादे तरी घर सापडेल.

त्यातून आपला हा माणदेशी मुलूख. पाऊस बेताचा. डाळिंबाच्या बागांनी काही घरांना हात दिला हे खरे, पण अजूनही कित्येक घरांतला पुरुष ऊसतोडीला, नाहीतर परमुलखात कामधंद्याला गेलेला असतो. मागे राहिलेली बाई धडधाकट असेल तरी तिची त्रेधा उडते. मग ती अपंग असेल तर विचारायलाच नको.

अडते कुठे, ते आधी सांगते. कारण अडचण नीट कळल्याशिवाय केलेली मदत बहुधा भलत्याच ठिकाणी जाते. आईला दोन हात असतात असे आपण धरून चालतो. कुबडीवाल्या आईचा एक हात कुबडीचा असतो. मूल उचलून इथून तिथे नेणे, ही एवढीशी गोष्ट. पण दिवसातून ती पन्नास वेळा करावी लागते. मी जुन्या लुगड्याची झोळी करून मूल पाठीशी बांधीत असे. पाळणा आढ्याला टांगण्याऐवजी झोळी इतकी खाली बांधली होती, की मला जमिनीवर बसूनच मूल आत ठेवता यावे. पाहुण्या बायका हसत, हसू द्यावे. खरी पंचाईत न्हाणीची. तान्ह्या मुलाला पाय लांब करून पायांवर पालथे घ्यायचे, ही आपली रीत. आणि माझा एक पाय काडीसारखा. शेजारच्या काकू रोज सकाळी येत. त्या पाणी विसणून देत, माझ्या मांडीखाली उशी सरकवीत आणि तांब्याने पाणी ओतीत. चोळणे, मालीश करणे, पुसणे मात्र माझ्याकडे. एकदा त्यांच्या सुनेने विचारले, "आत्याबाई, तुम्हीच का नाही न्हाऊ घालून टाकत? लवकर होईल की." काकू म्हणाल्या, "लवकर व्हायला ते काय धुणं आहे? पोर तिचं आहे."

माझ्या आजच्या भाषणात सांगण्यासारखे जे काही आहे, ते त्या काकूंच्या उत्तरात आहे. कारण याच्या उलट काय घडते तेही मी पाहिले आहे. आपल्याच तालुक्यातल्या एका गावात एक अंध सून आहे. नाव सांगत नाही. पहिले मूल झाले तेव्हा बारशानंतर ते थोरल्या जावेच्या ओटीत गेले. घरच्यांचा हेतू वाईट मुळीच नव्हता. "हिला दिसत नाही, पोर हातातून पडेल" ही भीती. पाजण्यापुरते मूल तिच्याजवळ येई आणि पोट भरले की परत जाई. ते मूल जावेला आई म्हणू लागले, आणि हिला तिच्या नावाने हाक मारू लागले. दुसऱ्या वेळी मात्र ती हटून बसली. मुलाच्या पायांत तिने घुंगरांचे वाळे घातले, म्हणजे ते रांगत कुठे गेले ते कानांना कळावे. चूल बदलून गॅस ओट्यावर घेतला आणि मूल चालू लागल्यावर स्वयंपाकघराच्या दाराला गुडघ्याइतकी फळी लावून घेतली. औषध मोजण्याच्या नळीच्या दांड्यावर, योग्य मापाशी, आशाताईंकडून खाच पाडून घेतली. बोटाला खाच लागली की माप पुरे. ताप पाहायला ती ओठ मुलाच्या कपाळाला लावते. भरवताना डावा हात मुलाच्या हनुवटीखाली, मग घास बरोबर तोंडातच जातो. मूल पडले का? पडले की! दोनदा पडले. आपली किती वेळा पडली, ते आठवून पाहा.

ऐकू न येणाऱ्या आईबापांची तऱ्हा निराळी. रात्री मूल रडले तर कळायचे कसे? एक आई झोळीची दोरी मनगटाला बांधून झोपते. मूल चुळबुळले की दोरी हलते आणि तिला जाग येते. पण त्यांची खरी अडचण पुढे सुरू होते. अशा बहुतेक जोडप्यांची मुले ऐकणारी असतात. मूल घरात हातांची भाषा शिकते आणि बोलणे शेजारून शिकते. म्हणून अशा मुलाला अंगणवाडीत वेळेवर पाठवणे आणि शेजारच्या आजीने त्याच्याशी गप्पा मारणे, हीसुद्धा मोठी मदत आहे. दुसरे असे, की मूल आठ वर्षांचे झाले की घरच्या सगळ्या कारभाराचा दुभाष्या तेच होते. बँकेत, दवाखान्यात, तलाठ्याकडे सगळीकडे तेच बोलते. आईला कोणता आजार आहे ते डॉक्टर त्या पोराला सांगतात आणि पोराने ते आईला सांगायचे. मी शाळेत असताना अशी दोन मुले पाहिली. महिन्यातून चार दिवस त्यांची शाळा बुडे. अशा वेळी आपल्यापैकी लिहिता-वाचता येणाऱ्या एखादीने कागद-पेन्सिल घेऊन बरोबर जावे. मुलाला वर्गात बसू द्यावे.

आता पैशाच्या आणि कागदाच्या मदतीकडे वळते. हा भाग कंटाळवाणा आहे, पण पोटाशी निगडित आहे, तेव्हा थोडा धीर धरा.

सगळ्याचे मूळ म्हणजे अपंगत्वाचा दाखला. हल्ली त्याला दिव्यांग प्रमाणपत्र म्हणतात आणि त्याबरोबर यूडीआयडी नावाचे कार्ड मिळते. (शब्द बदलला याचे मला वाईट नाही, पण पूर्वी मी अपंग होते तेव्हाही कचेरीला पायऱ्या होत्या आणि आता दिव्यांग झाले तरी त्या आहेतच.) सरकारी रुग्णालयातले मंडळ तपासून टक्केवारी ठरवते आणि बहुतेक सवलती चाळीस टक्क्यांपासून पुढे लागू होतात. पूर्वीच्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व मोजले जाई. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आले. तेव्हा "मला पूर्वी नाही म्हणाले होते" म्हणून गप्प बसलेल्या बायकांनी पुन्हा विचारावे.

दाखला हाती आला की पहिली पायरी तहसील कचेरीतल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेची. ही आपल्या राज्यात १९८० पासून आहे. अपंगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पन्नास हजार रुपये. महिना दीड हजार मिळत, ते ऑक्टोबर २०२५ पासून अपंगांना अडीच हजार करण्यात आले. एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्या बाईला सरकारच्या दुसऱ्या योजनेतून दीड हजार किंवा अधिक मिळतात, तिला २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे पैसे मिळत नाहीत. दोन्हींकडे अर्ज करून पुढे वसुलीची चिठ्ठी येऊ देण्यापेक्षा आधीच एक ठरवावे.

बाळंतपणासाठी केंद्राची मातृवंदना योजना आहे. पहिल्या खेपेला पाच हजार रुपये, आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. यात पात्र बायकांच्या यादीत चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेली स्त्री स्वतंत्रपणे घातलेली आहे. म्हणजे तिच्यापाशी पिवळे रेशनकार्ड नसले तरी अपंगत्वाचा दाखला पुरतो. हे फार थोड्यांना ठाऊक असते. तसेच, दवाखान्यात बाळंतीण झाली तर पहिल्या बेचाळीस दिवसांत आशाताईंनी सहा वेळा घरी येऊन बाळ पाहायचे असते. अपंग आईच्या घरी या फेऱ्या सोन्याच्या आहेत. बाळाला धरावे कसे, पाजताना टेकू कुठे द्यावा, हे तिच्या देहाला जमेल तसे दाखवून देणारे माणूस तिला त्याच दिवसांत हवे असते.

मुलांच्या नावावर मिळणारी एक मदत आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिचे नाव बालसंगोपन योजना; हल्ली तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले आहे. अनाथ आणि एकपालक मुलांची योजना म्हणून ती लोकांना माहीत असते. पण ज्या मुलांचे आई आणि वडील दोघेही अपंग आहेत, ती मुलेही तिच्यात बसतात. मूल आपल्याच घरी राहते आणि अठरा वर्षांपर्यंत त्याच्यासाठी दरमहा पैसे मिळतात. २०२३ पासून ही रक्कम सव्वादोन हजार झाली. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाकडे जातो आणि आदेश बालकल्याण समिती देते. तेव्हा सोलापूरची वारी आली. इथून ऐंशी किलोमीटरच्या आसपास अंतर, आणि तिथे गेल्यावर "एक कागद कमी आहे" हे वाक्य. एस.टी.त अपंगांना पंचाहत्तर टक्के सवलत आहे आणि पासष्ट टक्क्यांवर अपंगत्व असेल तर सोबत्यालाही अर्धे तिकीट आहे. पण बुडालेल्या दिवसाच्या मजुरीला सवलत नाही.

तुमच्या लक्षात आले असेल, की यात काही पैसे 'अपंग' म्हणून आहेत, काही 'बाळंतीण' म्हणून आहेत आणि काही 'मूल' म्हणून आहेत. 'अपंग आई' म्हणून काय आहे? केंद्र सरकारच्या नोकरीतल्या अपंग स्त्रीला मूल दोन वर्षांचे होईपर्यंत संगोपनासाठी वेगळा भत्ता मिळतो. २०१७ साली तो महिना तीन हजार होता, पुढे वाढला. उत्तम आहे. पण खुरपणीला जाणाऱ्या अपंग बाईला तो कोण देणार?

वास्तविक कायद्यात तिचेही नाव आले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २००६ साली अपंगांच्या हक्कांचा करार केला आणि भारताने २००७ साली तो मान्य केला. त्याच्या तेविसाव्या कलमात सांगितले आहे, की अपंग आईबापांना मुले वाढवण्याच्या कामी सरकारने योग्य ते साहाय्य द्यावे, आणि आईबाप अपंग आहेत एवढ्याच कारणाने मूल त्यांच्यापासून कधीही तोडू नये. त्यानंतर आपल्याकडे २०१६ चा कायदा झाला. त्याच्या चोविसाव्या कलमात सामाजिक सुरक्षेच्या योजनांची यादी आहे आणि तिच्यात अपंग स्त्रियांना उपजीविकेसाठी आणि त्यांच्या मुलांच्या संगोपनासाठी आधार, असे स्पष्ट लिहिले आहे. सरकारने हे आपल्या आर्थिक ताकदीनुसार करावे, अशी पुस्तीही जोडली आहे. ही पुस्तीच आजवर जास्त वाचली गेली. स्वीडन देशात १९९४ पासून मोठे अपंगत्व असलेल्या माणसाला सरकारी खर्चाने मदतनीस मिळतो आणि त्याच्या घरी लहान मूल असेल तर मदतनिसाच्या तासांत त्या मुलाचाही विचार होतो. तिथले पैसे आपल्याकडे नाहीत हे मान्य. पण 'आई म्हणून हिला किती तास मदत लागते' हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

हा शब्द कायद्यात यायला काय काय घडावे लागले, त्याची आठवण ठेवली पाहिजे. १९९४ साली आपल्याच राज्यात, शिरूरच्या सरकारी वसतिगृहातील मतिमंद मुलींवर पुण्यात गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. स्त्री-संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा ते थांबले. पुढे २००९ साली चंदिगडचे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारी संस्थेत राहणाऱ्या एका तरुणीला सौम्य मतिमंदत्व होते. तिथेच अत्याचार होऊन ती गरोदर राहिली. प्रशासनाला गर्भपात करायचा होता. तिला मूल हवे होते. तिची संमती नसताना गर्भपात करता येणार नाही, असा निकाल न्यायालयाने दिला. आणि मूल सांभाळण्याच्या कामी तिला मदत करण्याची तयारी राष्ट्रीय न्यासाने लेखी दाखवली होती. आता २०१६ च्या कायद्याप्रमाणे, स्वतःच्या राजीखुशीने, समजून उमजून दिलेल्या संमतीवाचून कोणत्याही अपंग व्यक्तीवर मूल होणे बंद करणारी शस्त्रक्रिया करता येत नाही. मी पहिल्या खेपेला गरोदर असताना एका दवाखान्यात तपासणीचे टेबल इतके उंच होते, की दोघींनी मला वर चढवले, आणि त्यांतली एक सहज म्हणाली, "तुला कशाला हवं होतं हे?" ती बाई मनाने वाईट नसावी. पण असा प्रश्न आपल्यापैकी कुणाला कुणी विचारला आहे का?

असो. आता मंडळाने काय करावे, हे सांगायला मला सांगितलेले नाही, तरी सांगते.

नगरपरिषद असो वा ग्रामपंचायत, तिने आपल्या उत्पन्नातला पाच टक्के भाग अपंगांच्या कल्याणासाठी खर्च करायचा असतो. तो बहुधा वर्षाच्या शेवटी घाईने, काहीतरी वाटून संपवतात. वस्तू वाटण्यालाही माझी ना नाही; परंतु अपंग आईने मुलाला अंगणवाडीत सोडायला जावे आणि पायऱ्यांखाली उभे राहून दुसऱ्याच्या हाती मूल द्यावे, हे बरे दिसत नाही. सार्वजनिक इमारतींना चढउताराची सोय करण्यासाठी कायद्याने नियमांपासून पाच वर्षे दिली होती. नियम २०१७ चे, तेव्हा मुदत २०२२ साली संपली. अंगणवाडीला आणि शाळेला रॅम्प, मुलांच्या लसीकरणाच्या जागी एक बुटका बाक, एवढे या पैशांतून मागता येईल. खेड्यांतल्या भगिनींनी ग्रामसभेत उठून हिशेब विचारावा. एकटीने विचारले तर उत्तर मिळत नाही. दहाजणी बसल्या की वही बाहेर निघते.

दुसरे काम घरच्या मदतीचे. यासाठी भांडवल लागत नाही. बाळंतीण अपंग असेल त्या घरी पहिले सव्वा-दीड महिने रोज सकाळी एकीने अर्धा तास जावे. पण जाण्यापूर्वी तिला विचारावे, "मी काय करू?" ती म्हणेल पाणी तापव, तर पाणी तापवावे, मूल मागू नये. बापालाही विसरू नका. कंबरेखाली निकामी झालेला एक बाप चाकाच्या खुर्चीवर बसून मुलीची वेणी घालतो आणि तिला पाढे शिकवतो. त्याची बायको बाजारात भाजी विकते. गल्लीतल्या लोकांनी त्याची 'बिचारा' म्हणून कीव करावी, यापेक्षा त्याच्या दारातला दगड काढून खुर्ची रस्त्यावर येऊ द्यावी. मग तो मुलीला शाळेपर्यंत स्वतः सोडील.

तिसरे काम कागदांचे, आणि त्याची सुरुवात मी माझ्यापासून करते. चिटणीसबाईंनी परवानगी दिली आहे, की दर रविवारी, आठवड्याच्या बाजारादिवशी, मी सकाळी मंडळाच्या खोलीत बसावे. खेड्यांतून बायका बाजाराला येतातच. त्यांच्यातल्या कुणी अपंग आई असेल, किंवा ज्यांच्या घरचा बाप अपंग असेल, त्यांनी यावे. अर्ज मी लिहून देईन आणि सोलापूरला जायचे असेल तर चार-पाच घरांचे काम एका फेरीत करता येईल. येताना आधारकार्ड, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, अपंगत्वाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि बँकेचे पासबुक यांच्या नकला आणाव्यात. मूळ कागद बाजाराच्या गर्दीत आणू नयेत. आणि खोलीला दोन पायऱ्या आहेत. जिला त्या चढता येणार नाहीत तिने खालूनच हाक मारावी, मी बाहेर येईन. माझी कुबडी त्या पायऱ्यांना सरावलेली आहे.